पक्की वही

"चार," ईश्वरी दारातूनच म्हणाली. "शंभरांत चार. आमच्या वर्गातला तो गौरांग, जो तासाला झोपतो, त्याला एकाहत्तर आलाय."

हेमलताबाई घरत ओट्यापाशी स्टूल ओढून कोळंबी सोलत होत्या. त्र्याहत्तराव्या वर्षी उभ्यानं सोलणं होत नव्हतं, पण सोललेली विकत आणायची हे अजून मनाला पटत नव्हतं. "आधी पाय धू," त्या म्हणाल्या. "मग चार का चाळीस ते बघू."

ईश्वरी ही त्यांच्या भावाची, जनार्दनची नात. जनार्दनला जाऊन नऊ वर्षं झाली होती. बाईंनी लग्न केलं नव्हतं. अलिबागच्या एका कॉलेजात एकतीस वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवलं, निवृत्त झाल्या, आणि त्यानंतर त्यांची म्हणावी अशी एकच विद्यार्थिनी उरली, ती ही. सातवीत असल्यापासून दर रविवारी ती ढवळखारहून एस.टी.नं यायची, दप्तर टाकायची आणि खायला काय आहे ते विचारायची. आता बी.एस्सी. झाली होती, आणि पुढे काय, यावर घरात महिनाभर खल चालला होता.

वाटा दोन होत्या. एक वर्षाची एम.एस्सी. करायची, म्हणजे तास, परीक्षा, आणि लगेच खताच्या कंपनीत नोकरी. तिचा बाप निलेश याच्या बाजूचा होता. दुसरी एम.एस्सी. दोन वर्षांची; तिच्यात शंभरातले पंचाहत्तर गुण एकाच संशोधन प्रकल्पाचे. ईश्वरीला ही दुसरी हवी होती, आणि विषयही तिनं शाळेत असल्यापासून धरून ठेवला होता. समुद्राच्या पाण्यात बुडून वर येणाऱ्या खारजमिनीत राता नावाचं तांबडं भात कसं तगतं? त्याच्या मुळांच्या आत कोणी राहतं का?

बाईंच्या काळीही असंच होतं. तेव्हा मुली विचारायच्या, तू एम.एस्सी. बाय पेपर्स करणार की बाय रिसर्च? पेपर्सवाल्या दोन वर्षांत मोकळ्या होत, लग्नं करत, नोकऱ्या धरत. रिसर्चवाल्यांचं कधी संपेल ते ब्रह्मदेवाला ठाऊक नसे, आणि तसं ते कोणी विचारतही नसे. गाईड म्हणाले हो, की हो. आता मात्र विचारायला यंत्र होतं.

यंत्राचं सरकारी नाव लांबलचक होतं, ते कोणी घेत नसे. पोरं त्याला पंचांग म्हणत, आणि ते जो आकडा देई त्याला योग. सगळ्यांनी चेष्टेत सुरू केलं आणि मग प्राध्यापकही गंभीर चेहऱ्यानं "तुमचा योग किती?" असं विचारू लागले.

त्यामागची कल्पना साधी होती. जगात छापून येतं ते यश. दहा प्रयोग फसतात, अकरावा जमतो, आणि निबंधात अकराव्याचीच हकीकत असते. फसलेले दहा प्रयोगशाळेच्या वह्यांत पडून राहतात. दुसऱ्या गावचा दुसरा कोणी तेच दहा पुन्हा करतो आणि पुन्हा फसतो. सात वर्षांपूर्वी, एकतीस साली, विद्यापीठांनी गावोगावच्या जुन्या वह्या गोळा केल्या, पानन् पान यंत्राला वाचायला दिलं. अपयशांची एवढी मोठी शिदोरी आजवर कोणाच्या गाठीला नव्हती. कोणीही नवा प्रकल्प मांडला की यंत्र ती सगळी उलटून पाहतं, आणि दोन वर्षांत हाती काही लागण्याचा संभव किती ते सांगतं. दहांत नऊ वेळा ते बरोबर निघालं. मग नियम झाला, पस्तिसाच्या खाली योग असेल तर प्रकल्पाची नोंदणी नाही. पैसा वाचला, पोरांची वर्षं वाचली. त्यात वाईट काय होतं, हे कोणाला बोट ठेवून सांगता आलं नसतं.

"कारणही देतं ते," ईश्वरी म्हणाली, आणि ओले पाय तसेच उमटवत येऊन तिनं हातातली पडद्याची पाटी ओट्यावर टेकवली. "वाच."

बाईंनी मान मागे नेऊन वाचलं. आधीचे प्रयोग: त्रेसष्ट. निष्पत्ती: वाढ नाही. नोंदकर्ती: हे. ना. घरत, १९८७-८८. नोंदींची विश्वासार्हता: उत्तम.

"म्हणजे तूच आडवी गेलीस मला," ईश्वरी हसत म्हणाली. "मांजरासारखी."

कोळंबीच्या डोक्याचा काटा बाईंच्या अंगठ्यात गेला होता. तो त्यांनी काढला, अंगठा नळाखाली धरला. "दुसरा विषय घे," त्या म्हणाल्या. "तिवरांचा घे. माझ्याच कामावर चौघं करतायत ना यंदा?"

"त्यांचा योग सत्तर. घेईन की. यादीच देतं ते, नव्वदवाले विषय वर, उतरत्या भाजणीनं. पण मग मी कशाला हवी? आकडा आधी कळलाय, पोरगं कोणीही चालेल." तिनं एक कोळंबी उचलून उलटसुलट पाहिली. "मला वाटलं होतं, तू भांडशील माझ्या बाजूनं."

"नियमाशी काय भांडायचं?"

"बरं," ईश्वरी म्हणाली. "पुढच्या सोमवारपर्यंत अर्ज आहे. बाबा खूश होतील. एक वर्षाचा भरते."

तिनं हे अगदी सहज म्हटलं. ती जेवली, कालवणाला नावं ठेवली, दोनदा वाढून घेतलं आणि चारच्या गाडीनं गेली.

*

वह्या गोळा करायला माणसं आली तो दिवस बाईंना लख्ख आठवत होता. बावीस वह्या त्यांनी स्वतः पुसून, सुतळीनं बांधून दिल्या होत्या. महिनाभरानं मानपत्र आलं, की एवढ्या स्वच्छ, सलग, खाडाखोड नसलेल्या नोंदी जिल्ह्यात दुसऱ्या कोणाच्या नाहीत. बाईंनी ते चौकटीत बसवून घेतलं होतं.

खाडाखोड का नव्हती, हे त्यांच्या पिढीतलं कोणीही सांगू शकलं असतं. वह्या दोन असत. कच्च्या वहीत समोर दिसेल ते पेन्सिलीनं, रसायनाच्या डागांसकट. पक्की वही शुक्रवारी संध्याकाळी, शाईनं, समासाची रेघ मारून. शनिवारी सर तिच्यावर सही करीत. कच्च्या वहीची पानं मग फाडून वनस्पती वाळवायच्या चळतीत घालत. मुंबईतल्या ज्या संस्थेत त्या एम.एस्सी. करत होत्या, तिथे टिपकागद नेहमी कमी पडे. पाना-फुलांचा ओलावा पिऊन ती पानं लगदा होत आणि बंबात जात. विद्यापीठानं नेल्या त्या पक्क्या वह्या. कच्च्या उरल्याच नव्हत्या.

त्यांचे गाईड आगाशे सर वाईट माणूस नव्हते. ढवळखारच्या आगऱ्याची मुलगी, घरातली पहिली मॅट्रिक, तिला त्यांनी आपल्याकडे घेतलं होतं. तिची शिष्यवृत्ती अडली तेव्हा स्वतः तीन जिने चढून कारकुनाशी भांडले होते. त्यांच्या घरी श्रावणी शुक्रवारी हेमलता जेवायला असे, आणि ताट उचलू लागली की वहिनी म्हणत, राहू दे गं, तू अभ्यासाची.

काम असं होतं. काही बुरश्या झाडाच्या मुळांच्या आत राहतात. रोग करत नाहीत. झाडाची साखर खातात आणि मोबदल्यात झाडाला क्षार सोसायला मदत करतात. आत कोणी आहे का हे बघायचं, तर आधी मुळाच्या बाहेरची सगळी घाण मारायला हवी, नाहीतर मातीतलं कोणीही येऊन उगवेल. म्हणून मुळाचा तुकडा पाऱ्याच्या विषारी पाण्यात बुडवायचा, धुवायचा आणि बुरशी वाढवायच्या खळीच्या बशीवर ठेवायचा. तुकड्याच्या कापल्या टोकातून तंतू बाहेर आला, तर आत बिऱ्हाड आहे. बुडवायचं किती वेळ, हीच खरी मेख. कमी बुडवलं तर बाहेरचं उरतं, जास्त बुडवलं तर आतलंही मरतं.

सरांचा नियम पाच मिनिटांचा. तो त्यांना त्यांच्या सरांनी दिलेला, आणि त्यांच्या सरांनी तो ठरवला होता आंब्याच्या फांद्यांवर. भाताचं मूळ दोऱ्याएवढं. पाच मिनिटांत ते तपकिरी होऊन लुळं पडे. बापाच्या शेतातून स्वतः उपटून आणलेली मुळं ती. एक दिवस हेमलतानं न राहवून एका मिनिटातच चिमट्यानं उचलली. चौथ्या दिवशी कापल्या टोकातून राखी तंतू बाहेर आला होता, पिंजलेल्या कापसासारखा.

सरांनी बशी उजेडाकडे धरली. "घरत, हात नीट धुता ना?" त्यांनी विचारलं. रागानं नाही, काळजीनंच. "ही खाडीची घाण आहे. पाच मिनिटं म्हणजे पाच मिनिटं. कचरा पक्क्या वहीत नको."

ती पहिली खेप धरून तिनं अकरा वेळा एका मिनिटाचं करून पाहिलं. अकराही वेळा तोच राखी तंतू. घाण असती तर कधी हिरवी आली असती, कधी काळी, कधी काहीच नाही. हे तिला तेव्हाही कळत होतं. पण शनिवारी सरांपुढे वही ठेवायची, त्यांनी एकदा कचरा म्हटलेलं पुन्हा शाईनं लिहून त्यांच्याकडे सही मागायची, म्हणजे त्यांना खोटं म्हणायचं. कोणी पढवलं नाही, कोणी धमकावलं नाही. शुक्रवारी पेन उचलून तिनं लिहिलं, वाढ नाही. पाच मिनिटांचे बावन्न आणि एका मिनिटाचे अकरा, सगळे एका ओळीत, एका अक्षरात. वेळेच्या रकान्यात सगळीकडे पाच.

सरांनी विषय बदलून दिला, पदवी मिळाली. मग एका दिवाळीत जनार्दननं विचारलं, "काय गं, तुझ्या शास्त्रात काय निघालं आपल्या रात्याचं?" ती म्हणाली, "काही नाही रे. साधं भात आहे." जनार्दन तिच्या शब्दावर चाले. चार वर्षांत त्यानं बांधाबाहेरचं राता बंद केलं आणि कोळंबीचं तळं काढलं. त्याचं बघून आळीनं काढली.

*

गुरुवारी सकाळी त्या रिक्षा करून विद्यापीठाच्या उपकेंद्रात गेल्या. वह्यांच्या कक्षाचा प्रमुख मंदार चवरकर हा त्यांचाच विद्यार्थी. त्यानं खुर्ची दिली, पंखा वाढवला, चहा सांगितला.

बाईंनी सगळं सांगितलं. सांगायला चहा गार होईपर्यंतसुद्धा वेळ लागला नाही, याचं त्यांनाच नवल वाटलं.

मंदारनं आपला कप बाजूला सारला. "बाई, कच्ची वही आहे का कुठे? एखादं पान?"

"नाही."

"मग नोंद बदलता नाही येणार. नुसती मागे घेता येईल. म्हणजे यंत्र असं नाही धरणार की वाढ होती. असं धरेल की कोणी बघितलंच नाही."

"चालेल. तेवढंच खरं आहे. ती बुरशी आतली होती की बाहेरची, हे मलाही ठाऊक नाही. शोधायच्या आधीच मी दार लावून घेतलं."

"चालेल काय बाई." त्यानं आवाज खाली आणला. "नियम माहितीये ना? नोंद खोटी लिहिली असं कबूल केलं की ती एक नोंद जात नाही. माणूस जातो. बावीसच्या बावीस वह्या. तिवरांच्या बिया कधी रुजतात त्याची तुमची तीस वर्षांची टिपणं, ज्यावर वनखातं लागवड करतं, तीसुद्धा."

"ती खरी आहेत."

"मला माहितीये. मी स्वतः तुमच्याबरोबर चिखलात उभा राहिलोय. माझी चप्पल अजून तिथेच आहे." तो जरासा हसला. "यंत्राला माणसाचा एकच शिक्का कळतो. आणि त्या चौघा पोरांचे योग बसतील खाली. त्यांना दुसरे विषय मिळतील, ते सोडा. पण तुमचं काय उरेल? पोरीला म्हणावं दुसरं काहीतरी घे. ऐकेल ती."

"ऐकेल," बाई म्हणाल्या. "तेच तर. मीही ऐकलं होतं."

त्यानं पडदा त्यांच्याकडे वळवून त्रेसष्ट नोंदी तात्पुरत्या झाकून दाखवल्या. चारचा आकडा गेला. त्या जागी एक ओळ आली: सांगता येत नाही.

"असा शेरा आला की तीन माणसांची समिती ठरवते," मंदार म्हणाला. "चार वर्षांत भरली नाहीये. एक सदस्य तर वारलेत, त्यांच्या जागी कोण ते बघावं लागेल."

बाईंनी सही केली. सवयीनं नावाखाली रेघ मारली, तारीख घातली, आणि अक्षर सुंदर आलं.

*

शनिवारी त्या ढवळखारला गेल्या. ईश्वरी त्यांना बांधावरून बाहेरखारात घेऊन गेली. खाडी आणि शेत यांच्यामध्ये हा मातीचा बांध. त्याच्या बाहेरची जमीन भरतीच्या पाण्यात असे. पाऊस पडला नव्हता. माती भेगाळली होती आणि भेगांच्या कडांना मिठाचा पांढरा साका धरला होता. जनार्दनचं तळं खाडीनं केव्हाच फोडलं होतं. तिथे आता तिवरं होती. लांबवर एकच तुकडा नांगरलेला दिसत होता.

"पारूबायचा," ईश्वरी म्हणाली. "दीड गुंठा. तेवढाच राता उरलाय सगळ्या खारीत."

पारूबाय म्हात्रे बांधावर बसली होती. नव्वदीची असेल. "हेमा ना गो तू?" ती म्हणाली. "पिकलीस की."

"तू कुठे हिरवी राहिलीस?"

पारूबाय बोळक्यानं हसली. "ती शेतकीची पोरं आलीं व्हती पाटी घेऊन. म्हनाली, आजी, यात काय नाय, तुमच्याच गावच्या बाईनं तपासलंय. मी म्हटलं, नसंल. माज्या सुनंला बाळंतपनात याचीच पेज लागली, म्हनून लावतंय. आता सुनंला सुना आल्या. मी गेलू की हे बी गेलं."

ती उठून घराकडे गेली, तेव्हा बाईंनी ईश्वरीला सांगितलं. बांधावर बसायला जागा नव्हती, म्हणून उभ्यानंच सांगितलं. पाच मिनिटं, एक मिनिट, राखी तंतू, शुक्रवार. गुरुवारी केलेली सही शेवटी सांगितली, आणि ती सांगताना आपण बक्षीस मागतोय असं त्यांना वाटलं, म्हणून एका वाक्यात उरकली.

ईश्वरी पायानं मिठाचा पापुद्रा मोडत होती. "आजोबांना माहीत होतं?"

"नाही."

"त्यांनी तुझ्या सांगण्यावरून तळं काढलं."

"हो."

"ते फुटलं तेव्हा मी चौथीत होते. आजोबा आठ दिवस बोलले नव्हते." तिनं आणखी एक पापुद्रा मोडला. "मी सातवीत तुझ्याकडे पहिल्यांदा आले ना, तू मला घेवड्याचं बी दिलंस, ओल्या कापसावर ठेवायला. माझं नाही रुजलं. मी वर्गातल्या मुलीचं बघून वहीत लिहिलं, तिसऱ्या दिवशी मोड. तू ते पान फाडायला लावलंस. मी रडले होते. तू म्हणालीस, दिसेल ते लिही, नाही दिसलं तर नाही दिसलं लिही."

बाईंनी मान डोलावली. सर, शिष्यवृत्ती, वहिनींचं ताट, हे सगळं पन्नास वर्षं पुरलं होतं; इथे बांधावर ते एक मिनिटही पुरलं नाही.

*

समिती भरली, कारण मंदारनं ती भरवली. एका सदस्यानं विचारलं, आकडा नसलेला विषय आम्ही ठरवायचा तरी कशावरून? दुसऱ्या एक सदस्या म्हणाल्या, आपण पूर्वी ठरवायचो तसंच, मुलीकडे बघून. तिघांनी ईश्वरीला तासभर प्रश्न विचारले आणि मंजुरी दिली. अट एकच घातली, की पूर्वीच्या नोंदकर्तीचा या कामाशी संबंध नको.

त्याच आठवड्यात वनखात्याच्या पानावरून तिवरांचं वेळापत्रक उतरलं. कॉलेजातून एका तरुण प्राध्यापकाचा फोन आला. तो फार अदबीनं बोलला आणि तिथल्या भिंतीवरच्या फलकातलं त्यांचं नाव सध्यापुरतं झाकावं लागेल म्हणाला. बाई म्हणाल्या, झाका. मानपत्र त्यांनी स्वतःच उतरवलं. भिंतीवर चौकोन उरला, तिथे त्यांनी कॅलेंडर लावलं.

हॉस्टेलवर जायच्या आदल्या दिवशी ईश्वरी आली. आली तशी पाय धुतले, पाट घेऊन जमिनीवर बसली. खायला काय आहे ते विचारलं नाही.

"मला राग आला होता," ती म्हणाली. "अजून आहे थोडा. पण मी त्यासाठी नाही आले."

"बोल."

"दोन वर्षं मला कामाचं काही विचारू नकोस. काय उगवलं, काय नाही, काहीच नाही. मी इथे येणारही नाही. आले की सांगावंसं वाटेल."

"समितीची अट मी पाळीन गं."

"समितीचं नाही म्हणत मी." ती खाली बघत होती. "तू तुझ्या सरांसाठी लिहिलंस ना तसं? ते दुष्ट होते म्हणून नाही. चांगले होते म्हणून. मी परवापासून विचार करतेय. पारूबायच्या तुकड्यात समजा काहीच नाही निघालं. पन्नास वर्षांत मेलं असेल ते, माती बदलली असेल. आणि तू मला रविवारी विचारलंस, काय गं, आलं का काही? तू एवढं सगळं घालवून बसलीस माझ्यासाठी. मला तुला चांगलंच काहीतरी सांगावंसं वाटेल, आत्याआजी. मग मी एक बशी जरा उजेडात धरून बघेन, आणि मला राखी दिसेल."

बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं ते त्यांनी येऊ दिलं. एवढं त्यांना स्वतःला तेविसाव्या वर्षी सुचलं नव्हतं. आणि सुचलं असतं तरी सरांना म्हणायची छाती नव्हती.

"दोन वर्षं," त्या म्हणाल्या. "मी पंचाहत्तरीची होईन."

"माहितीये."

"बरं. नाही विचारणार."

"फोन करीन मी. रविवारी."

"कर."

ती निघाली तेव्हा बाईंनी तिला डब्यात जवळ्याची चटणी दिली. तिनं ती घेतली, वाकून नमस्कार केला, आणि जिना उतरताना एकदाही मागे पाहिलं नाही.

*

रविवार येत गेले. दोघी बोलत. हॉस्टेलचं पाणी, निलेशचं पाठदुखणं, गौरांगला सुरळीत मिळालेलं सुवर्णपदक, पारूबाय पडली ते, पारूबाय गेली ते. तुकडा आता कोण लावतं, हे बाईंनी विचारलं नाही. भात कापणीला आलं असेल, मुळं उपटून झाली असतील, बशा चौथ्या दिवसावर असतील, हे सगळं त्या मनात मोजत आणि बोलत मात्र बाजारातल्या मांदेलीबद्दल. कधी कधी बोलता बोलता ईश्वरीचा आवाज उजळलेला वाटे, कधी ओढलेला. बाई दोन्ही सोडून देत. पूर्वी त्यांना पोरीच्या पायांच्या आवाजावरून कळे ती पास की नापास. आता ते कळू न देणं हेच काम होतं, आणि त्या ते कसोशीनं करत होत्या.

दुसऱ्या वर्षीच्या पौषात एका रविवारी फोन नेहमीपेक्षा उशिरा आला.

"आत्याआजी," ईश्वरी म्हणाली, आणि पुढे काही बोललीच नाही. तिच्यामागे कसलंतरी यंत्र घरघरत होतं. म्हणजे रविवार असून ती प्रयोगशाळेतच होती. तिनं नाक ओढलं. सर्दी होती की रडली होती, की हसू आवरत होती, ते फोनवरून कळायला मार्ग नव्हता.

बाईंनी पाठ टेकली. एकच शब्द विचारायचा होता. तो तोंडात येऊन दातांपाशी थांबला होता, आणि त्यांना ठाऊक होतं, त्या क्षणी विचारलं असतं तर पोरीनं सांगितलं असतं.

"जेवलीस का?" त्यांनी विचारलं.

पलीकडे स्टूल ओढल्याचा आवाज आला. "हो," ईश्वरी म्हणाली. "मेसमध्ये."

"काय होतं?"

"वांगं होतं. काचऱ्या करतात तसं."

"आणि?"

"आमटी. भात. आणि एक ते काहीतरी गोड, नाव नाही कळलं."

"कसं होतं ते?" बाई म्हणाल्या. "नीट सांग. मला घाई नाही."